घराचा पाया आणि उसाचे पाणी
— ऊस विकास अधिकारी



ऊस विकास खात्याने बेणे, खते, ठिबक आणि खोडवा यांविषयी लिहावे, घरबांधणीत नाक खुपसू नये, असे कोणी म्हटले तर त्यात चूक काही नाही. आम्ही कृषी पदविका घेतलेले. पाया, स्लॅब आणि लोखंड हा आमचा विषय नव्हे. पण गेल्या काही हंगामांत वडनेर गटात ऊसनोंदणीला गेलो, की वावर दाखविण्याच्या आधी घर दाखविले जाते. "साहेब, घर नवंच हाय जी, पण भित तडकली. पाहा बरं जरा." आम्ही पाहतो, मान डोलावतो, चहा घेतो आणि निघतो. हे असेच चालू ठेवणे आता आम्हाला बरे वाटत नाही.

बरे न वाटण्याचे आणखी एक कारण आहे. अशा एका तडकलेल्या भिंतीला आम्हीच कारणीभूत झालो. एका सभासदाने वावरात नवे घर बांधले होते आणि त्याच वर्षी सुरू उसाची लागण केली होती. पाट कोठून न्यावा, हे त्याने विचारले. उतार घराच्या मागून होता, म्हणून मागच्या भिंतीलगत पाट काढावा, असे आम्ही सांगितले. उसाच्या दृष्टीने सल्ला बरोबरच होता. ऊस उत्तम आला. मात्र दुसऱ्या उन्हाळ्यात मागच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून जोत्यापर्यंत तिरपी भेग गेली, चौकट आवळली, दार लागेना. सभासदाने गवंड्याला दोष दिला, गवंड्याने सिमेंटला दिला. आमचे नाव कोणी घेतले नाही. पण दोष ना गवंड्याचा होता ना सिमेंटचा. तो पाण्याचा होता, आणि पाणी तेथून न्यायला आम्ही सांगितले होते.

आपली काळी जमीन काय चीज आहे, हे सभासदांना सांगायला नको. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जावा. मृगाचे दोन पाऊस झाले की त्याच भेगा मिटतात. म्हणजे ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यातील चिकणमातीचा गुणच तसा आहे, आणि ओल धरून ठेवण्याचा जो गुण आपल्याला हवा असतो, तोही तेथूनच येतो. पिकाला जे वरदान, तेच पायाला संकट. घर मातीवर बसलेले असते. माती वर आली की घर वर येते, माती बसली की घर बसते. सगळे घर सारखे वरखाली झाले तर फारसे बिघडत नाही. एक बाजू वर आणि दुसरी खाली झाली की भिंत फाटते.

आता येथे उसाचा संबंध येतो, आणि ही गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली. वावरात नुसती पऱ्हाटी आणि तूर होती तेव्हा उन्हाळ्यात घराच्या चारही अंगांची जमीन जवळपास सारखीच वाळायची. उसाला मात्र ऐन वैशाखातही आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावे लागते. त्यामुळे घराच्या ज्या बाजूला ऊस, ती बाजू बारमाही ओली, आणि समोरचे अंगण कोरडे ठणठणीत. एकाच घराखाली दोन ऋतू! जुने घर जेथे पन्नास वर्षे निमूट उभे राहिले, तेथेच नवे पक्के घर का फाटते, याचे हे एक मोठे कारण आहे. शिवाय जुनी मातीची भिंत आणि कवेलूचे छप्पर थोडे हलले तरी सांभाळून घेत असे. विटा-सिमेंटची भिंत ताठ, ती वाकत नाही, तडकतेच.

यावर इलाज नाही असे नाही. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी तळाशी फुगवटा असलेल्या खांबांचा पाया प्रचारात आणला. खोल काळ्या मातीत हे खांब निदान साडेतीन मीटर खाली, म्हणजे ओल फारशी बदलत नाही अशा थरापर्यंत नेतात. पण प्रत्येक घराला तोच पाया हवा असेही नाही. कोठे चार फुटांवर मुरूम लागतो, कोठे बारा फुटांवरही लागत नाही. एकाच शिवारात, एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर गेले की जमीन बदलते. म्हणून शेजाऱ्याच्या घराचा पाया पाहून आपला पाया ठरविणे म्हणजे शेजाऱ्याच्या वावराचा मातीपरीक्षण अहवाल पाहून आपल्या उसाला खत टाकणे होय.

परवानगी घेतली, मग काळजी मिटली, असा एक समज आहे. गावठाणात बांधकाम करण्यापूर्वी ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी, असे 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 52 मध्ये आहे, आणि ती अवश्य घ्यावी. परंतु त्या कागदाने हद्द, रस्ता आणि नकाशा पाहिला जातो. पायाखाली काय आहे हे खड्ड्यात उतरल्याशिवाय दिसत नाही. घरकुलाच्या हप्त्यासाठी बांधकामाचे फोटो काढतात. फोटोत जोते आलेले दिसते, त्याखालची माती दिसत नाही.

नियम आणि नकाशे किती पुरे पडतात, याचा धडा महाराष्ट्राने किल्लारीला शिकला. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. माणसे मेली ती घरांखाली. दगडमातीच्या दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाड भिंती, आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोहोंना बांधणारा आरपार दगड नाही, आणि वर मातीचे जड माळवद. असल्या भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घालावेत, वर सलग पट्टी द्यावी, हे सांगणारे भारतीय मानक त्याच 1993 सालचे आहे. 2002 मध्ये नकाशातला तो सर्वांत कमी धोक्याचा पट्टाच काढून टाकण्यात आला. आपल्याकडे तसला भूकंप येईल असे भय आम्ही घालत नाही. सांगायचे इतकेच की नकाशा जिल्ह्याचे सांगतो, तुमच्या भिंतीचे सांगत नाही. पाण्याचेही तसेच. याच वर्धा नदीने वरच्या अंगाला मोवाड गावात 30 जुलै 1991 रोजी दोनशेवर माणसे नेली. नदीकाठी स्वस्तात प्लॉट मिळतो तो का स्वस्त, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे. त्याची फी लागत नाही.

तज्ज्ञांबद्दलही थोडे स्पष्ट लिहितो. जागेवर पाऊल न टाकता जुन्याच नकाशावर नवे नाव घालून शिक्का मारून देणारे अभियंते आम्ही पाहिले आहेत. असल्या शिक्क्यावर पैसे घालण्यापेक्षा अनुभवी गवंडी बरा. जो खड्ड्यात उतरतो, माती हातात घेतो, पाणी कोठून येते, ऊस कोणत्या बाजूला आहे, झाड किती जवळ आहे हे विचारतो, तो खरा सल्लागार. लाखो रुपयांच्या घरात त्याची फी जड वाटू नये. पण असा माणूस एकट्या-दुकट्या सभासदाला गाठता येत नाही, हेही खरे आहे.

म्हणून आमची संचालक मंडळास सूचना आहे, आणि सभासदांनी ती वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडावी. कारखान्याच्या स्थापत्य विभागातील एक अभियंता महिन्यातून दोन दिवस वडनेर गट कार्यालयात बसावा आणि नवीन बांधकामाची जागा पाहून द्यावी. दुसरे, आपल्या मातीपरीक्षण प्रयोगशाळेत एक साधी तपासणी सुरू व्हावी. दहा ग्रॅम चाळलेली माती एका नळीत पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये टाकून चोवीस तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोहोंतील फरकावरून माती किती फुगणारी आहे ते कळते. निम्म्याहून अधिक फुगली तर साध्या पायावर विसंबू नये. याला महागडे यंत्र लागत नाही. कारखान्याने घराच्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. ज्या उसासाठी आम्ही पाणी द्यायला सांगतो, त्याच पाण्याने भिंत फाटत असेल, तर कारखान्याचा संबंध येतोच.

ज्यांची घरे आधीच तडकली आहेत त्यांनी उन्हाळ्यात भेगेत सिमेंट भरण्याची घाई करू नये. पावसात माती फुगली की ते सिमेंटच भिंतीला ढकलते. प्रथम भिंतीलगतचा पाट व ठिबकची गळकी नळी दूर करावी, पागोळ्यांचे पाणी लांब काढावे, जोत्याभोवती चार-पाच फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतार असलेला कोबा करावा. भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहावी. पट्टी फुटली तर भेग अजून चालू आहे असे समजून अभियंत्याला दाखवावे.

ज्या सभासदांना यंदा बांधकाम काढायचे आहे त्यांनी आपली नावे गट कार्यालयात द्यावीत. किती नावे येतात ते पाहून सूचना मंडळापुढे ठेवणे सोपे जाईल. मातीचा नमुना उसासाठी आणता तसा वरच्या वीतभर थराचा आणू नये. पायाच्या तळाशी जी माती लागेल तिचा किलोभर नमुना वेगळ्या पिशवीत आणावा, आणि कोणी पाहून जाईपर्यंत खड्डा बुजवू नये.