उर्दू शाळेतून विद्यापीठापर्यंत

सातारा-सांगलीच्या कॉलेजांची पदवी पूर्वी मुंबई विद्यापीठाची, १९४९ नंतर पुण्याची असे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ सुरू झाले आणि पदवी आपल्या दाराशी आली. कला शाखेची परीक्षा तिथे मराठीतून किंवा इंग्रजीतून देता येते. खेड्यातल्या मुलांना याचा मोठा आधार झाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या बोर्डिंगात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र ठेवून रुजवलेली 'कमवा आणि शिका'ची रीत विद्यापीठानेही घेतली. गरिबाचे मूल काही तास काम करून राहण्या-जेवणाचा खर्च भागवते.

मग आपली मुलगी दहावीनंतर घरी का बसते? आम्ही वर्गात रोज पाहतो, हुशारी कमी नसते. शाळा उर्दूतून झालेली, पुढची पुस्तके मात्र मराठी नाहीतर इंग्रजी. ती गोंधळते आणि घरचे म्हणतात, 'बस झालं शिक्षण.'

पालकहो, उर्दू जपाच. पण पाचवीपासून रोज मराठी वर्तमानपत्रातली एक बातमी तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. अम्मीनेही शेजारी बसून ऐकावे. अकरावीचा फॉर्म भरायची वेळ येईल, तेव्हा भाषेची भीती उरणार नाही.