ऑनलाइन मासळीवाल्यांचा हिशेब आधी बघा

सभासद बंधू-भगिनींनो, 1 ऑगस्टला बंदी उठली की होड्या सुटतील. ऑनलाइन विक्रीवाला कोणी जेटीवर येऊन ‘सगळा माल आम्हालाच द्या’ म्हणाला, तर लगेच हो म्हणू नका. नमुन्यादाखल या धंद्यातल्या एका मोठ्या कंपनीचा हिशेब बघा.

बेंगळुरूची लिशियस 2015 पासून मांस-मासळी घरपोच विकते. तिची विक्री 2022-23 मध्ये सुमारे 748 कोटी होती, 2023-24 मध्ये सुमारे 685 कोटी. 100 रुपयांच्या विक्रीमागचा तोटा मात्र साधारण 70 वरून 43 रुपयांवर आला. सुधारणा आहे, पण तोटा तो तोटाच. तो भरून निघतो गुंतवणूकदारांच्या पैशातून. हा पैसा आटला की कुठलीही कंपनी तीनच ठिकाणी हात घालणार: गिऱ्हाइकाचा दर, स्वतःचा खर्च, नाहीतर आपला भाव.

ऑनलाइनवाले गिऱ्हाईक म्हणून हवेतच, लिलावात चढाओढ वाढते. पण माझं मत स्पष्ट आहे: त्यांना तिसरा हिस्साच द्यावा, भाव काट्यावरच ठरावा, पैसे आठवड्यात हातात यावेत. बाकीचा माल लिलावातच राहू दे. उद्या कंपनी बुडाली तरी डिझेल-बर्फाची उधारी आपल्यालाच फेडायची आहे.