नर्सिंगच्या पीएचडीत ‘शिकवणे’ कुठे आहे?

आपल्या वस्त्यांमधून, खेड्यांमधून कितीतरी मुली नर्सिंगला जातात. अनेक घरांतली पहिली पदवी हीच असते. म्हणून या कॉलेजांत कोण शिकवते आणि कसे शिकवते, हा प्रश्न आपला आहे.

केंद्राने २०२३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये मंजूर केली. खर्च १,५७० कोटी रुपये. इमारती उभ्या राहतील, पण शिक्षक? भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषानुसार दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. निकष नुसते कागदावर राहिले की काय होते, ते मध्य प्रदेशात दिसले. तिथल्या नर्सिंग कॉलेजांची चौकशी उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयकडे गेली आणि २०२४ मध्ये सीबीआयचाच अधिकारी लाच प्रकरणात अटक झाला.

प्राध्यापकपदासाठी एम.एस्सी. नर्सिंग आणि अनुभव आवश्यक आहे. पीएचडी असल्यास उत्तम, असे परिषद सांगते. पीएचडी हवीच. नर्सच्या कामाचे प्रश्न नर्सनेच अभ्यासले पाहिजेत. पण प्रबंध लिहिणे वेगळे आणि शिकवणे वेगळे. विद्यार्थिनी पहिल्यांदा रुग्णाच्या शिरेत सुई घालते तेव्हा तिच्या शेजारी उभे राहणे, रुग्णाला इजा होऊ न देता तिला शिकू देणे, चूक झाली तर चारचौघांत अपमान न करता सांगणे, हे आकडेवारीच्या तक्त्यांतून येत नाही. मराठी माध्यमातून आलेली, घरात विचारायला कुणी नसलेली मुलगी अशा शिक्षकाअभावीच मागे पडते. मग दोष तिच्या ‘इंग्रजी’ला दिला जातो.

नियम आहे. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमावलीनुसार कोणत्याही विषयाच्या संशोधकाने अध्यापनाचे प्रशिक्षण घेणे अपेक्षित आहे; आठवड्याला चार ते सहा तास शिकवण्याचे किंवा प्रयोगशाळेचे काम त्याला देता येते. नर्सिंगमध्ये हे तास वॉर्डात आणि स्किल लॅबमध्ये, अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली मोजले गेले पाहिजेत. नोकरी आणि घर सांभाळून संशोधन करणाऱ्या बहिणीला हे जमायचे तर अधिछात्रवृत्तीही वेळेवर मिळाली पाहिजे. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी लढणाऱ्या तरुणांनी ही मागणीही सोबत घ्यावी.

आणि कार्यकर्त्यांनी कॉलेजात गेल्यावर भिंतीवरच्या पदव्या मोजत बसू नये. मुलींना एकच विचारावे: वॉर्डात तुमच्यासोबत शिक्षक येतात का?