कच्चं लिंबू, पक्की फी

'हल्ली मुलं खेळतच नाहीत हो, म्हणून आम्ही त्याला अकॅडमीत घातलं.' गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत नाशकातल्या कुठल्याही घरात हे ऐकू येतं. बोलणारे आईबाप प्रामाणिक असतात, म्हणून त्यांची बाजू आधी नीट मांडतो. गल्लीतला खेळ म्हणजे टाइमपास. त्यात तंत्र नाही, शिस्त नाही, वर शिव्या तेवढ्या शिकायला मिळतात. अकॅडमीत किट असतं, प्रशिक्षक असतो, वेळापत्रक असतं. सहाव्या-सातव्या वर्षी सुरुवात केली तरच पोरगं पुढं जाणार. शिवाय दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळाले तर वाईट काय?

यातलं 'खेळतच नाहीत' आधी निकालात काढू. नाशिकच्या कॉलन्यांच्या नकाशात एक 'ओपन स्पेस' असतो. आमच्या ओपन स्पेसवर आधी छोटं देऊळ आलं. मग देवळापुढं पत्र्याचा सभामंडप, मग ज्येष्ठांसाठी व्यायामाची लोखंडी यंत्रं, मग पेव्हर ब्लॉक आणि सगळ्यांत शेवटी पाटी: येथे क्रिकेट खेळण्यास मनाई आहे. हे सगळं कॉलनीच्या बैठकीत हात वर करून मंजूर झालं. त्यात एक हात माझाही होता. जागा आपण खायची आणि खापर मोबाइलवर फोडायचं, हे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखं झालं.

आता शिस्त. डबा ऐसपैस किंवा लगोरीचा डाव एकदा शेवटपर्यंत पाहा. चकून राज्य कोणावर ते ठरतं. दोघे जण भिडू वाटून घेतात आणि वाटणी असमान झाली तर कुरकुर होऊन पुन्हा वाटतात. कोणाचा तरी धाकटा भाऊ मागं लागलेला असतो, त्याला 'कच्चं लिंबू' करतात. तो पळतो, ओरडतो, पण बाद होत नाही. पाच वर्षांच्या पोराला खेळात घ्यायचं आणि खेळही बिघडू द्यायचा नाही, हा पेच मुलांनी कोणत्याही प्रशिक्षकाला न विचारता सोडवला आहे. रडीचा डाव खेळणाऱ्याला दंड नसतो, पण उद्या त्याला कोणी बोलावत नाही. स्वित्झर्लंडमध्ये मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे गोट्या खेळणाऱ्या मुलांच्या शेजारी बसून त्यांना नियम विचारत असे. 1932 साली त्याने लिहिलं की लहान मुलाला नियम वडीलधाऱ्यांनी दिलेला, न बदलणारा वाटतो. दहा-बारा वर्षांचं मूल मात्र सगळ्यांची संमती असेल तर तो बदलता येतो, हे ओळखतं. अकॅडमीत नियमांवरून वाद उद्भवायला वावच नाही. शिटी वाजते आणि वाद संपतो. तिथं मूल नियम पाळायला शिकतं. नियम घडवायला मात्र कधी शिकणार?

'लवकर घातलं तरच' या मुद्द्याला आपल्याच जिल्ह्यात उत्तर आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. दुष्काळी गाव, घरची गरिबी, विहिरी खोदण्याची मजुरी. 2012 मध्ये तो लष्करात गेला आणि वल्हं हातात आलं ते त्यानंतर, विशी उलटल्यावर. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तो तेरावा आला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या चौघांत तो होता. जिम्नॅस्टिक्समध्ये असं चालणार नाही, हे मान्य. पण आपण मुलांना जिम्नॅस्टिक्सला घालत नाही, क्रिकेटला घालतो. नॉर्वेत तर मूल अकरा वर्षांचं होईपर्यंत स्पर्धेच्या क्रमवाऱ्याच लावत नाहीत. त्याच नॉर्वेनं 2022 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये 16 सुवर्णपदकं जिंकून पहिला क्रमांक घेतला.

प्रतिपक्षाचं सर्वांत बळकट अस्त्र म्हणजे धावपटू कविता राऊत, आणि ते मी टाळणार नाही. हरसूलजवळच्या सावरपाड्याची ही मुलगी प्रशिक्षक विजेंद्रसिंग यांच्या हाताखाली नाशकात घडली. 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. प्रशिक्षक, मैदान आणि वसतिगृह नसतं तर हे घडलं नसतं. 'डोंगरातून पाणी वाहून वाहून पाय घडले' असं भाषणात सांगणाऱ्यांचा मला राग येतो. पाणी वाहणं हा खेळ नव्हे, ते कष्ट होते, आणि ती टंचाई पदकाच्या गोष्टीत शोभेला लावायची चीज नाही.

आणखी एक कबुली. गल्ली मुलींना फार दिवस ठेवून घेत नाही. दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत लंगडी, मग घरातून हाक येते. त्यानंतर मुलगी मैदानावर दिसते ती बहुतेक कुठल्या तरी संघाच्या जर्सीतच. गल्लीचे गोडवे गाणारे आम्ही पुरुष हे सोयीनं विसरतो. तेव्हा अकॅडमी बंद करा असं माझं म्हणणंच नाही. तिथं घातलं म्हणजे मुलांचा खेळ झाला, या समजाशी माझं भांडण आहे.

संघटना नसली की खेळ मरतो, असं कोणी म्हणालंच तर त्यानं संक्रांतीला येवल्याला जावं. तीन दिवस सगळं गाव गच्चीवर असतं. आजोबांच्या हातात पतंग, नातवाच्या हातात मांजाची आसारी. प्रवेश फी नाही, प्रमाणपत्र नाही. नायलॉन मांजानं गळे कापले जातात हेही खरंच, आणि तिथं पोलिसांनी कडक व्हायलाच हवं. मोठ्यांचं काम तेवढंच: जीव सांभाळायचा, जागा राखायची आणि बाजूला व्हायचं.

आमच्या ओपन स्पेसवरची पाटी अजून आहे. पोरांनी तिचा स्टंप केलाय. सभामंडपाच्या पत्र्यावर चेंडू गेला की आउट, आणि ज्यानं मारला त्यानंच वर चढून आणायचा. कच्च्या लिंबाला मात्र माफ.