कोणतीं लाकडें?

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आठवीच्या वर्गांत प्राचीन मानवाविषयीं बोलत असतां, रानटी अवस्थेंतील मनुष्य दोन लाकडें एकमेकांवर घांसून अग्नि उत्पन्न करीत असे, असें आम्ही नेहमींच्या सराईतपणानें सांगून गेलों. मागच्या बांकावरून एका मुलानें विचारलें, "सर, कोणतीं लाकडें?" वर्ग हंसला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. कारण तें वाक्य वीस वर्षें शिकवूनही या साध्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस ठाऊक नव्हतें.

विद्यार्थिमित्रांनो, घर्षणानें उष्णता उत्पन्न होते हा सिद्धान्त तुम्हांस पाठ आहे. काउंट रम्फर्ड यानें म्यूनिक येथें तोफेची नळी कोरतांना निघणाऱ्या उष्णतेनें अडीच तासांत पाणी उकळून दाखविलें आणि १७९८ सालीं ही हकीकत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें आली, हेंही तुम्ही उत्तरपत्रिकेंत बिनचूक लिहाल. परंतु सिद्धान्त पाठ असणें आणि अग्नि पेटणें यांत केवढें अंतर आहे, तें आम्हांस पुढें थंडीच्या दिवसांत कळलें.

सुट्टीच्या एका सकाळीं आठ-दहा मुलामुलींस घेऊन आम्ही शाळेमागील पटांगणांत बसलों. जवळ पाण्याची बादली व वाळू ठेविली होती. प्रथम सागाची फळी घेतली. लांकूड उत्तम, तेव्हां अग्निही उत्तम, असा आमचा अडाणी हिशेब! तासभर काठी फिरविली, फळीला खळगा पडला, खळगा कांचेसारखा गुळगुळीत झाला, आणि तो गुळगुळीत होतांच घर्षणच नाहींसें झालें. तळहातांना फोड तेवढे आले. पुढच्या खेपेस पांगाऱ्याची वाळलेली, हलकी फळी व अंबाडीची सरळ काठी घेतली. धूर पुष्कळ निघाला, अग्नि नाहीं. आमची चूक चौथ्या खेपेस उमगली. खळग्याच्या कडेला एक खांच पाडावी लागते. तिच्यांतून काळा भुसा खालीं एके ठिकाणीं सांचतो, आणि पेटतो तो हा भुसा, लांकूड नव्हे. लांकूड उष्णतेचें मंदवाहक असल्यामुळें उष्णता जागच्या जागीं राहते. भुसा विखुरला तर निवतो. ढीग करून राहिला तर आपोआप धुमसूं लागतो. ठिणगी मुळीं उडतच नाहीं. मोहरीएवढा निखारा तयार होतो. तो नारळाच्या पिंजलेल्या काथ्यांत तान्ह्या मुलासारखा अलगद घ्यावयाचा आणि हलकेच फुंकावयाचा. पहिला निखारा एका मुलीनें पाडला. आम्हांस स्वतःस तो अद्यापि साधलेला नाहीं.

या नामुष्कींत आम्हांस एक थोर सोबती आहे. चार्ल्स डार्विन, केंब्रिजचा पदवीधर, १८३५ च्या नोव्हेंबरांत ताहिती बेटावर डोंगरांत मुक्कामास होता. त्याच्या वाटाड्यांनीं एका लांकडाच्या खोबणींत दुसरी बोथट काठी मागेंपुढें घांसून कांहीं सेकंदांत अग्नि काढला. डार्विननें स्वतः करून पाहिलें तेव्हां त्याची दमछाक झाली. अखेर भुसा पेटला याचा आपणांस मोठा अभिमान वाटला, असें त्यानें प्रांजळपणें लिहून ठेविलें आहे. त्यानें आणखी एक गोष्ट टिपली: तेथील लोक या कामीं एकाच झाडाचें पांढरें, हलकें लांकूड वापरीत. तें झाड आपल्या अंबाडीच्या सख्ख्या नात्यांतलें आहे!

आपल्या देशांतही हीच गोष्ट दिसते. वैदिक यज्ञाचा अग्नि अरणींच्या मंथनानें काढितात. खालची ती अधरारणि, वरची ती उत्तरारणि. आणि ताक घुसळतांना रवी फिरवावी त्याप्रमाणें मंथनकाष्ठाला दोरी गुंडाळून ती आळीपाळीनें ओढावयाची. १९७५ सालीं केरळांतील पांजाळ या गांवीं झालेल्या अग्निचयनांत असा अग्नि काढिला गेला व त्याचें चित्रीकरणही झालें. आतां त्या अरणी कशाच्या? शमीवर उगवलेल्या पिंपळाच्या, असें शास्त्र सांगतें. म्हणजे मागच्या बांकावरचा प्रश्न हा याज्ञिकांचा पहिला प्रश्न होता आणि ताहितीच्या वाटाड्यांचाही तोच होता. किती झाडें पारखून, किती वेळां हात पोळून हें उत्तर हातीं आलें असेल! आणि आम्ही त्या सगळ्या विद्येला "घांसून" या एका शब्दांत गुंडाळतों, वर त्या विद्वानास "रानटी" म्हणतों.

आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, तो शब्द आपण वर्गांतून काढून टाकावा, आणि विज्ञानाचे चार तास दर वर्षीं या कामाला द्यावे. एका पालकांनीं मुलाच्या हाताचे फोड पाहून आम्हांस विचारलें, "हें परीक्षेंत येतें काय?" प्रश्न रास्त आहे. येत नाहीं, एकही गुण मिळणार नाहीं. घरीं गॅस पेटविण्यास एक खटका पुरतो आणि आगपेटीही १८२७ पासून विकत मिळते, हेंही आम्हांस मान्य आहे. पण त्याच मुलानें सहामाहींत उष्णतेचें वहन या प्रश्नाचें उत्तर लिहितांना पुस्तकांतला तांब्याचा चमचा न घेतां आपली पांगाऱ्याची फळी घेतली होती. आम्हीं गुण पूर्ण दिले. याला पक्षपात म्हणावयाचें असेल तर खुशाल म्हणावें.

काळ्या खळग्यांची ती फळी प्रयोगशाळेच्या कपाटांत, तराजूच्या शेजारीं ठेविली आहे. पुढील हिवाळ्यांत दोरीनें मंथन करून पाहण्याचा बेत आहे. पिंपळ गांवांत हवे तितके आहेत, परंतु शमीवर वाढलेला आम्हांस आढळला नाहीं. कोणा पालकाच्या शेताच्या बांधावर तसा एखादा असेल, तर त्याची आपोआप वाळून पडलेली हातभर फांदी मुलाबरोबर पाठवावी. जिवंत झाड कृपया तोडूं नये.