फुकटच्या ग्रंथाची फाईल



गेल्या चातुर्मासात इंदापूरहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, प्रवचनांचं पुस्तक पाठवलंय. तुमच्या किंडलवर टाका, फुकट आहे." फाईल तिला कुठल्याशा ग्रुपवर मिळालेली. मूळ कुणी टाकली, ते ग्रुपात कुणालाच ठाऊक नाही. मी इकडे बारामतीत ती किंडलवर घ्यायलाच बसले होते, तेवढ्यात सुट्टीला आलेल्या मुलाने थांबवलं. मी चिडलेच. पुस्तकात कसला आलाय धोका? नुसती अक्षरं तर असतात!

पण त्याचं खरं होतं. किंडल हा छोटा संगणकच. पुस्तक उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये भोक राहिलेलं असलं, तर मुद्दाम तशी बनवलेली फाईल त्यातून आत शिरते. योगेव बार-ऑन या संशोधकाने असंच दाखवून दिलं होतं की, नुसतं ईमेलने पुस्तक पाठवून किंडलचा ताबा घेता येतो, वर मालकाच्या कार्डावर खरेदीही करता येते. ॲमेझॉनने त्याला 18,000 डॉलर बक्षीस दिलं आणि ते भोक बुजवलं. पुढे 2021 मध्ये चेक पॉइंट कंपनीला दुसरं सापडलं, तेही त्या एप्रिलमध्ये बुजवलं गेलं.

मला दचकवलं ते चेक पॉइंटच्या एका मुद्द्याने. अमुक भाषेचे लोक गाठायचे, तर त्या भाषेतलं लोकांना हवंसं पुस्तक फुकट ठेवायचं. त्यांनी उदाहरण रोमानियनचं दिलं होतं. किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर 2016 पासून आहेत. म्हणजे "आपल्या मराठी पुस्तकाच्या वाटेला कोण जातंय" हा आपला भ्रमच. त्यातून चातुर्मासात प्रवचनांचं पुस्तक म्हटलं, की आपल्यातलं कोण उघडणार नाही? हिंगोलीत 2025 मध्ये एका सरकारी कर्मचाऱ्याने व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका उघडली आणि खात्यातले सुमारे 1 लाख 90 हजार गेले. ती मोबाइलवरची एपीके फाईल होती, प्रकार वेगळा. पण आमिष तेच, ओळखीचं आणि घरगुती.

माझी आणखी एक चूक. बॅटरी वाचावी म्हणून मी वाय-फाय कायम बंद ठेवायचे. मग दुरुस्त्या यायच्या कुठून? भोकं बुजवली ती कंपनीने, माझ्या किंडलपर्यंत ती दुरुस्ती आली होती की नाही कोण जाणे. वाय-फाय चालू ठेवलं की आपण काय वाचतो, कुठल्या ओळीवर खूण करतो, हे कंपनीकडे जातं, तेही मला रुचत नाही. तरी त्यातल्या त्यात हे बरं.

आणि ती फाईल कुणाच्या तरी छापील पुस्तकाची परवानगीशिवाय काढलेली प्रत असेल, तर ते अदत्तादानच की! आपण पाणी गाळल्याशिवाय पीत नाही आणि फाईल मात्र आली तशी पुढे पाठवतो. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, व्हाउचर नसेल तर नोंद करायची नाही.

नणंदेला हे सांगितलं तर म्हणाली, "वहिनी, तुम्ही फारच घाबरता." आठवड्याने तिचाच फोन, "ती फाईल मी पंधरा जणींना पाठवली होती. आता त्यांना काय सांगू?"

म्हटलं, जे मला सांगितलं तेच सांग. उघडू नका म्हणून.