समाचार नव्हे, साहाय्य

बालकास कर्करोग झाला, कीं पहिल्या आठवड्यांत घर भेटीस येणाऱ्यांनीं भरून जातें. पुढें उंबरठा ओस पडतो. बालकांमध्यें विशेष आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार मात्र दोन-तीन वर्षें चालतो. तो पुरा झाला, तर आज पुष्कळ मुलें बरीं होतात. मुंबईस परळ येथें १९४१ सालीं उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयांत दूरदूरच्या खेड्यांतून आईबाप मुलांस घेऊन येतात. इतके दिवस परगांवीं राहतां रोजगार बुडतो, निवाऱ्याची पंचाईत होते, आणि कित्येकांचा उपचार अर्धवट सुटतो. यास्तव, वाचकहो, “कांहीं लागल्यास कळवा” एवढ्यावर थांबूं नये. मागें राहिलेल्या भावंडांस जेवूं घालावें, गाडीभाडें द्यावें, शेताची राखण करावी. सर्दीपडसें असतां मात्र रोग्याजवळ जाऊं नये. उपचार संपेपर्यंत जी टिकते, तीच खरी दया.